सेक्टरच्या मध्यभागी शाळा का असते?

प्रश्न : आमच्या सेक्टरात शाळा, दुकाने आणि मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि मोठा रस्ता सेक्टरच्या कडेने जातो. अशी रचना दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेने अणुबाँबसाठी वसवलेल्या गुप्त शहरात जन्माला आली, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? आणि युद्ध पेटलेले असताना शाळा-मैदानांचा विचार करायला कोणाला सवड होती?
(एक वाचक, वाशी)

उत्तर : या कल्पनेचा जन्म युद्धात झालेला नाही, पण तिने बाळसे धरले ते मात्र युद्धकाळात. अमेरिकी नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी ‘नेबरहुड युनिट’ म्हणजे शेजार-वस्तीची कल्पना सविस्तर मांडली. एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी, सुमारे पाच-सहा हजार लोकांची वस्ती असावी, शाळा मध्यभागी असावी, कोणत्याही घरापासून ती साधारण पाव मैलाच्या आत यावी आणि वाहता रस्ता वस्तीच्या आतून न जाता सीमेवरून जावा, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. अडचण एवढीच होती की अशा एका वस्तीला सुमारे १६० एकर सलग जमीन लागते, आणि शांततेच्या काळात एवढी जमीन एका हाती कोण देणार? न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे तसा प्रयत्न सुरू झाला होता. पण महामंदी आली आणि तो अर्ध्यावरच थांबला.

युद्धाने ही अडचण एका फटक्यात दूर केली. टेनेसी राज्यात सुमारे ५९,००० एकर जमीन सरकारने १९४२ च्या अखेरीस ताब्यात घेतली, आणि तिथल्या सुमारे ३,००० रहिवाशांपैकी अनेकांना घरे रिकामी करण्यासाठी जेमतेम काही आठवडे मिळाले. (‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, ती माणसे नेमकी तीच होती.) या जागेवर उभे राहिलेले ओक रिज म्हणजेच आपण व्याख्यानात ऐकलेले अणुबाँबचे गुप्त शहर. त्याच्या आखणीचे काम ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या वास्तुरचनाकारांकडे आले, आणि आपण कोणत्या कारखान्याच्या कामगारांसाठी घरे आखत आहोत, हे त्यांनाही सांगितलेले नव्हते. सुरुवातीला १३,००० लोकांचे शहर अपेक्षित होते. १९४५ मध्ये तिथे सुमारे ७५,००० लोक राहत होते.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शाळा-मैदानांचा विचार लष्कराला औदार्यातून सुचलेला नव्हता. कुशल कामगार आणि शास्त्रज्ञ बायकामुलांसह आडरानात येऊन टिकले नाहीत, तर कारखाना चालणार नव्हता. शिवाय पेट्रोल आणि टायर दोन्हींवर नियंत्रण असल्यामुळे दुकान आणि शाळा पायी गाठता येणे ही चैन नव्हती, गरज होती. नगररचनाकारांनी या गरजेचा फायदा करून घेतला. डोंगरउताराच्या वळणांप्रमाणे रस्ते वळवले, शक्य तेवढी झाडे राखली आणि वस्त्या-वस्त्यांना आपापली शाळा व दुकाने दिली. हमरस्त्यांना राज्यांची नावे वर्णानुक्रमाने दिली, आणि त्यातून फुटणाऱ्या गल्ल्यांची नावे त्याच अक्षराने सुरू होतील असे केले, त्यामुळे नवख्यालाही पत्ता शोधता येई. लाकूड आणि धातू दुर्मीळ असल्यामुळे बहुतेक कौटुंबिक घरांच्या भिंती ‘सेमेस्टो’च्या होत्या: आत उसाच्या चिपाडांपासून केलेली फळी आणि दोन्ही बाजूंनी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकांना ही गोष्ट मौजेची वाटेल. ॲस्बेस्टॉसचे दुष्परिणाम आज माहीत असल्यामुळे मौज तिथेच संपते.

मात्र या शहराचे वर्णन करताना बरेच लेखक एक गोष्ट झाकून ठेवतात, आणि माझ्या मते तिच्याशिवाय उत्तर अपुरे राहते. मूळ आराखड्यात कृष्णवर्णीय कामगारांच्या कुटुंबांसाठीही एक स्वतंत्र वस्ती होती, म्हणजे विभागणी कागदावरच ठरलेली होती. गोऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या वाढताच ती वस्तीही त्यांना देण्यात आली, आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला प्लायवुडच्या चौकोनी झोपड्या आल्या. त्यांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, नुसत्या झडपा होत्या, आणि पती-पत्नींनाही वेगवेगळे राहावे लागे. शेजार कसा असावा हे वास्तुरचनाकाराने ठरवले. शेजारी कोण असावा हे ठरवणारे मात्र दुसरेच होते.

त्याच काळात लंडनमध्ये, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या भागांकडे पाहत, फोरशॉ आणि ॲबरक्रॉम्बी या नगररचनाकारांनी १९४३ च्या आराखड्यात सहा ते दहा हजार लोकांच्या शेजार-वस्त्या सुचवल्या. भारतात ही कल्पना दोन वाटांनी पोहोचली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून म्हैसूर संस्थानात आलेले वास्तुरचनाकार ओटो कोनिग्जबर्गर यांनी युद्धकाळातच जमशेदपूरचा आराखडा केला आणि पुढे भुवनेश्वरचाही. दुसरे अल्बर्ट मेयर : ते अमेरिकी लष्करातील अभियंते म्हणून युद्धात भारतात आले, नेहरूंना भेटले, आणि चंदीगडचा पहिला आराखडा त्यांनी केला. पुढे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी तिथे ‘सेक्टर’ रूढ केला. आपला पत्ता ज्या शब्दाने सुरू होतो, तो त्या घराण्यातला आहे.

प्रश्न : उल्हासनगरही युद्धकाळातच वसले. मग तिथे अशी आखणी का दिसत नाही?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर : कारण तिथे युद्धकाळात वस्ती आखलीच गेली नव्हती, ती सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामाची छावणी होती. बराकी ओळीने बांधलेल्या होत्या, आणि सैनिकाला ना मुलांची शाळा लागते, ना भाजीबाजार. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबांना ठेवण्यात आले, त्यांनी तिथेच दुकाने आणि कारखाने उभारले, आणि १९४९ मध्ये गावाला आजचे नाव मिळाले. आराखड्याऐवजी बराकींच्या रांगांवरच संसार वाढत गेल्यामुळे ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे पत्ते तिथे आजही सांगितले जातात.