व्हिडिओ गेममधले शत्रू खरंच विचार करतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की गेममधले शत्रू आपल्याला बरोबर कोंडीत पकडतात, मग ते आपला खेळ बघून शिकतात का? बहुतेक गेममध्ये नाही. शिकणं सोडा, ते फार पुढचा विचारही करत नाहीत. तरी हुशार का वाटतात, हे कळायला मला पॅकमॅनइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

1980 साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी हा खेळ घडवला. त्यात तुम्ही पॅकमॅन नावाचं गोल तोंड चक्रव्यूहात ठिपके खात फिरवता आणि चार भुतं तुमच्या मागे असतात. चक्रव्यूहातली एकेक चौकट म्हणजे एक घर. भूत चौकात आलं की पुढच्या घरांपैकी जे घर त्याच्या लक्ष्यापासून सरळ रेषेत सर्वांत जवळ, तिकडे वळतं. आल्या पावली मागे फिरायला मनाई. पाठलागाचा नियम एवढाच, फक्त प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं.

लाल ब्लिंकीचं लक्ष्य म्हणजे तुम्ही उभे असाल तेच घर. गुलाबी पिंकी तुमचं तोंड जिकडे असेल तिकडे चार घरं पुढे नेम धरते. निळा इंकी तुमच्या दोन घरं पुढची जागा घेतो, ब्लिंकीपासून तिथपर्यंत रेघ धरतो आणि ती तेवढीच पुढे वाढवतो; तिचं टोक हे त्याचं लक्ष्य, म्हणून त्याचा अंदाज येणं सगळ्यात अवघड. नारंगी क्लाइड आठ घरांपेक्षा लांब असला तर अंगावर येतो, जवळ आला की खालच्या डाव्या कोपऱ्याकडे निघून जातो. जपानीत त्याचं वर्णन ज्या शब्दाने केलंय त्याचा अर्थ आपल्याकडे ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’ असाच होईल.

माझी भाची सातवीत आहे. तिला हे पटेना, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखल्या. कॅरमची राणी म्हणजे ब्लिंकी, काळी सोंगटी पिंकी, शेंगदाणा म्हणजे पॅकमॅन. प्रत्येक चौकात ती पट्टीने अंतर मोजायची आणि सोंगटी सरकवायची. मध्येच म्हणाली, “मामा, हिला भिंत दिसत नाही का? मोजलं तर जवळ आहे, पण जायला वाट कुठंय?” खरंच दिसत नाही. भूत एकाच घरापुरतं बघतं, पुढे वाट बंद असली तरी त्याला पत्ता नसतो. पण सात-आठ चालींनी राणी शेंगदाण्याच्या मागे होती आणि काळी सोंगटी समोरून बोळाच्या तोंडाशी. नाकाबंदी झाली होती, आणि ती कोणीच ठरवलेली नव्हती! भाची बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मला हा खेळ आवडतो तो याच क्षणासाठी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भुतं सतत मागे लागत नाहीत. पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे 7 सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग 20 सेकंद पाठलाग, पुन्हा 7 सेकंद उसंत. सारखा हल्ला झाला तर माणूस वैतागून उठेल, हे इवातानींनी ओळखलं होतं. गेममधल्या शत्रूने जिंकायचं नसतं, आपल्याला दम लागेल इतपत पळवायचं असतं.

पुढे तंत्र बदललं. 2005 च्या ‘फिअर’ या गोळीबाराच्या गेममध्ये जेफ ऑर्किन यांनी सैनिकांना उद्दिष्टं आणि करता येण्यासारख्या कृती दिल्या, त्या कोणत्या क्रमाने करायच्या ते सैनिक स्वतः जुळवतात. तिथेही ते एकमेकांना ओरडून सांगतात म्हणून जास्त हुशार वाटतात. 2019 मध्ये स्टारक्राफ्ट 2 हा युद्धाचा गेम खेळणारं अल्फास्टार हे सॉफ्टवेअर मात्र खरंच शिकलेलं होतं, पण ते बनवलंच होतं जिंकण्यासाठी. तुम्ही घरी खेळता त्या गेममध्ये सहसा तसलं काही नसतं.

पॅकमॅन मिळाला तर एक करून बघा. पिंकी समोरून येताना पळू नका, सरळ तिच्या अंगावर जा. अंतर चार घरांपेक्षा कमी झालं की तिचं लक्ष्य तिच्याच पाठीमागे जातं. मागे तर वळता येत नाही, त्यामुळे मध्ये एखादा फाटा असला तर ती बहुतेक वेळा तिकडे वळते आणि तुमची वाट मोकळी होते.