वाचकांचे प्रश्न : आमच्याच वाड्याच्या लोकरीचं जाकीट होईल का?

प्रश्न : ताई, आम्ही आटपाडी तालुक्यातले. घरचा ४० मेंढ्यांचा वाडा म्हणजे कळप आहे, सगळ्या दख्खनी, बहुतेक काळ्या. वडील दर कातरणीची लोकर व्यापाऱ्याला पोत्यावर देऊन टाकतात, कधी कधी तर कातरणाऱ्याची मजुरी पण सुटत नाही. मागच्या थंडीत पुण्यात एका प्रदर्शनात एकाच कळपाच्या लोकरीचं जाकीट बघितलं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आमच्या मेंढ्यांच्या लोकरीचं असं कापड होईल का? घोंगडं नको, अंगात घालायचं कापड. आणि किती निघेल?

उत्तर : दादा, होतंय की. फक्त एक आधीच सांगते, अंगाला लागून घालायचा शर्ट-स्वेटर होणार नाही, वरून घालायची बंडी, जाकीट, कोट होईल आणि तो चांगला होईल. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाड तंतू असला की कातडीला टोचतो. मेरिनो या परदेशी मेंढीची लोकर १७ ते २२ मायक्रॉनच्या आसपास असते म्हणून मऊ लागते, आपली दख्खनी तिच्यापेक्षा कितीतरी जाड, त्यात केसाळ तंतू भरपूर, म्हणून बाजारात तिला गालिच्याची लोकर धरतात आणि भाव पण तसाच देतात. लोक मग म्हणतात जात बदला, परदेशी नर आणा. मला ते पटत नाही. माणदेशातली मेंढी ऊन, पाऊस, सहा-सहा महिन्यांची वाटचाल सोसते ती त्याच अंगावरच्या लोकरीनं, आणि आपलं घोंगडं भरपावसात राखणीला बसलेल्या माणसाला ऊब देतं ते पण त्याच जाड तंतूमुळं. स्कॉटलंडच्या बेटांवरचं हॅरिस ट्वीड हे लोकरीचं कापड बघा, ते काय रेशमासारखं मऊ नसतं, तरी जगभर त्याचे कोट शिवतात. १९९३ च्या कायद्यानं ठरलंय की लोकर त्या बेटांवरच रंगवायची, तिथंच कातायची आणि विणायची तिथल्या माणसानं स्वतःच्या घरी, नाहीतर ते नाव लावता येत नाही. त्यांची लोकर बाहेरून पण येते, तुमच्याकडं तर मेंढी पण घरची आहे.

आता हिशोब. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा-पाऊण किलो लोकर देते, आपण कातरतो दोनदा, म्हणजे एका कातरणीला मेंढीमागं ३०० ग्रॅम धरा. ४० मेंढ्यांची १२ किलो. त्यातली पोटाची, पायाची, शेपटाजवळची लेंड्या चिकटलेली बाजूला काढली की ८ किलो राहील. धुतल्यावर माती आणि तेलकटपणा जाऊन ६, पिंजता-कातताना अजून एखादा किलो जाईल, म्हणजे हातात सूत येईल ५ किलो. खड्डा मागावर (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो माग) २८ इंच पन्ह्याचं म्हणजे रुंदीचं कोटाजोगं जाड कापड मीटरला ४०० ग्रॅम खातं, म्हणजे १२ मीटर. त्यात पाच-सहा बंड्या होतील, किंवा तीन कोट. ऐकायला कमी वाटतं, मला माहितीय, पण पहिल्या वर्षी एवढंच करा.

खरं काम मागावर नाही, कातरणीच्या दिवशी आहे. हे मी जीव तोडून सांगते कारण लोक विणकर शोधत फिरतात आणि लोकर पोत्यात कोंबून ठेवतात. कातरायच्या दोन-तीन दिवस आधी मेंढ्या ओढ्यात धुऊन काढा, कोरड्या होऊ द्या, खाली ताडपत्री अंथरा. कातरणाऱ्याला सांगा एकाच हातात कातडीजवळून काप, राहिलं म्हणून परत कात्री फिरवू नको, कारण दुसऱ्यांदा कापलेले बारीक तुकडे सुतात गाठी करतात. मजुरी थोडी जास्त लागली तर द्या. मग तिथंच बसून निवड करायची, खांद्याची आणि बरगडीची वेगळी, मांडीची केसाळ वेगळी. कोकरांची पहिली कातरणी, आपण जावळ म्हणतो ती, तिला तर वेगळी पिशवीच करा, पूर्ण वाड्यात सगळ्यात मऊ लोकर तीच. रंगानं पण वेगळी करा, काळी, भुरी, तपकिरी. रंगवायची गरज नाही, केसाळ तंतू रंग नीट धरत पण नाही. कुसळं आणि गोखरू तेव्हाच वेचा, नंतर ती सुतात शिरली की निघत नाहीत आणि कॉलरला टोचत बसतात.

एक परीक्षा आहे ती प्रत्येक मेंढीच्या लोकरीला करा. पेन्सिलीएवढी बट घ्या, दोन्ही टोकं दोन्ही हातात घट्ट धरा, कानाजवळ न्या आणि झटका द्या. टण्ण आवाज आला तर लोकर पक्की. कर्रकर्र करून मधेच तुटली तर समजायचं मधे कधीतरी मेंढी उपाशी राहिलीय किंवा आजारी होती, चारा कमी पडला की तंतू तेवढ्या जागी बारीक होतो आणि नंतर तिथंच तुटतो. दुष्काळात छावणीत राहिलेल्या मेंढ्यांची लोकर मी अशी हातात घेतलीय, दिसायला काळीभोर पण झटक्याला दोन तुकडे. असली लोकर ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याला, घालायची नाही, माग सुरू झाला की दर हाताला धागा तुटतो आणि विणकर वैतागतो. ती बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, किंवा नमद्याला (न विणता दाबून केलेल्या जाड कापडाला) जाऊ द्या.

धुताना घाई नको. माझी पहिली आठ किलो लोकर मी स्वतः खराब केली, कडक पाण्यात घालून धुण्यासारखी चोळली, निघाला तो एक गोळा, पिंजणाऱ्यानं हात लावला नाही. पाणी हाताला जेमतेम सोसेल एवढं गरम, लोकर नुसती बुडवून ठेवायची, दाबायची, चोळायची नाही, आणि गरमातून एकदम गारात टाकायची नाही. धुण्याचा सोडा बिलकुल नको, तो लोकर खातो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट थर लोकरीवर बसतो, म्हणून रिठा घ्या, रिठ्याचं पाणी जड पाण्यात पण काम करतं. सावलीत वाळवा.

पिंजायला गिरणीत देणार असाल तर अजून एक. एका गिरणीत माझ्या काळ्या लोकरीत पांढरी निघाली, अगदी थोडी पण डोळ्याला दिसेल एवढी, कारण आधीच्या माणसाचा माल रुळात अडकून राहिलेला. मग एकाच वाड्याचं कापड कुठं राहिलं? पोत्यावर नाव घाला, आपल्यासमोर मशीन झाडून घ्या, आणि पहिला अर्धा किलो बाहेर पडतो तो बाजूला ठेवा. हातपिंजणीवर ही कटकट नाही, पण ६ किलोला बरेच दिवस लागतात. कातायला घरच्या बायका असतील, आजी-काकी, तर त्यांना त्यांचा दर द्या, घरचं म्हणून फुकट नको. सहा महिन्यांचा तंतू आखूड असतो, सुटासारखं गुळगुळीत कापड त्याचं होत नाही, पिंजून कातलेलं खरबरीत सूत होतं आणि तेच या कापडाचं रूप आहे. ताण्याला दुपदरी सूत घ्या, चिंचोक्याची खळ द्या, बाण्याला एकपदरी चालतं. ताणा सुती घातला तर काम निम्म्यानं सोपं होतं हे खरंय, पण मग विकताना तसं सांगा.

विणकर तुम्हाला म्हसवडकडं मिळतील, सणगर मंडळी, त्यांचा हात घोंगड्याचा आहे. त्यांना कोटाचं कापड म्हणू नका, घोंगड्यापेक्षा बारीक सूत आणि दाट वीण हवी असं सांगा, एक हातभर नमुना विणून घ्या, तो धुऊन बघा किती आटतो, मग पुढचं. नमुना न धुता सगळा ताणा लावला तर शिवल्यावर बाही दोन बोटं वर जाते, कोण घालणार मग.

प्रश्न : ताई, शुद्ध लोकरीचं म्हणून मोठी किंमत देऊन घोंगडी घेतली, आता घरचे म्हणतात यात अॅक्रिलिक आहे. कसं ओळखायचं? — सांगली

उत्तर : कडेचे दोन धागे ओढून काढा, ताणा एक आणि बाणा एक, दोन्ही वेगवेगळे जाळा कारण भेसळ बऱ्याचदा एकातच असते. चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा. लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत बाजूला केली की आपोआप विझते आणि मागं राहिलेला काळा मणी बोटानं चुरडला की राख होते. अॅक्रिलिक वितळतं, पेटत राहतं, त्याची कडक गोळी होते, ती चुरडत नाही. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास. गोळी झाली तर विकणाऱ्याकडं परत जा ताई, गप्प बसू नका, तुमच्यासारखी माणसं गप्प बसतात म्हणून खरं विणणाऱ्याला भाव मिळत नाही.

प्रश्न : आजोबांचं घोंगडं आहे, त्यातून माझ्यासाठी बंडी शिवायचीय. शिंपी म्हणतो टोचेल, नको. — कोरेगाव

उत्तर : शिंप्याचं बरोबर आहे, पण टोचण्यावर उपाय आहे. कापायच्या आधी घोंगडं उजेडाला धरून बघा, कसर लागून कुठं विरलंय का, तेवढा भाग सोडून कापा. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. कापल्यावर कडा लगेच उसवतात, म्हणून खडूनं आखल्या आखल्या मशीनची एक टीप मारून घ्यायला सांगा आणि मगच कात्री. आत पूर्ण सुती अस्तर घाला. मानेला आणि काखेत जुन्या धोतराचा मऊ तुकडा लावा, टोचतं ते तिथंच. आणि घोंगड्याची दशी असलेली कड फेकू नका, ती बंडीच्या खालच्या घेराला तशीच ठेवायला सांगा, आजोबांनी ओळखली असती.