इंटर्नशिपचा अहवाल कपाटात का पडतो?

प्रश्न : जळगावच्या आमच्या मोठ्या ठिबक-नळी कारखान्यात एम.टेक.चे विद्यार्थी आठ आठवडे येतात. हाती काहीच लागत नाही. काय बदलावं?

उत्तर : गेटपास, लॉगिन आणि डेटाची परवानगी मुलं येण्याच्या पंधरा दिवस आधी उरका, पहिले आठवडे यातच जातात. ‘उत्पादन विभाग अभ्यासा’ हे काम नव्हे. एकच प्रश्न द्या : एका एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या यंत्रावर) नळीची जाडी पाळीगणिक का बदलते? त्यासाठी तापमान, ओढीचा वेग आणि कच्च्या मालाच्या बॅचच्या नोंदी द्या. मार्गदर्शक लाइनवरचाच इंजिनिअर हवा. त्याचे आठवड्याला दोन तास अधिकृतपणे मोकळे करा, नाहीतर भेटी टळतात. चौथ्या आठवड्यात आढावा घ्या. शेवटच्या आठवड्यात मुलांनी सुचवलेली नवी पद्धत ऑपरेटरकडून चालवून घ्या. आणि विद्यावेतन दरमहा द्याच. नंदुरबारहून आलेल्या मुलाला खोलीभाडं आधी भरावं लागतं.