ऑपरेशन नीट झालं, पण पाठीला जखम झाली : जबाबदार कोण?

प्रश्न : आम्ही सांगलीचे. ७८ वर्षांची आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला. आठ दिवसांनी घरी आणलं, तेव्हा माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. पुढे तो सांधाही निखळला. डॉक्टर म्हणतात, "या वयात असं होतंच." दावा करता येईल का?

उत्तर : येईल, पण दोन्ही तक्रारी एकाच जोराने मांडू नका.

सांधा निखळणं ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे. चांगल्या सर्जनच्या हातूनही ती होते. केवळ परिणाम वाईट झाला म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) स्पष्ट केलं आहे. डिस्चार्ज कार्ड मात्र वाचून बघा. खाली बसू नये, पायावर पाय टाकू नये, कमोडच वापरावा, असं काहीच लिहिलं-सांगितलं नसेल, तर तेवढा मुद्दा तुमच्या हाती आहे.

तुमचं खरं बळ त्या जखमेत आहे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने अशी जखम होते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, पाठ रोज बघायची, लागली तर एअर बेड द्यायची, हे नर्सिंगचं नेहमीचं काम. मधुमेह किंवा अशक्तपणा असेल तर हॉस्पिटल त्याकडे बोट दाखवेल. पण धोका जास्त होता म्हणजे काळजीही जास्त घ्यायला हवी होती. नर्सच्या हलगर्जीपणाला हॉस्पिटलच जबाबदार असतं. प्रथमदर्शनी हलगर्जीपणा दिसला की योग्य काळजी घेतली हे हॉस्पिटलने दाखवायचं, असं सविता गर्ग निकालात (२००४) म्हटलं आहे.

म्हणून आधी कागद. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. नर्सिंग चार्टसह (नर्सनी रोज केलेल्या नोंदी) संपूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांचे सगळे कागद, लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यायचे असतात. भरतीच्या दिवशी त्वचेबद्दल काय लिहिलं आहे, ते पाहा. आठही दिवसांच्या नोंदी एकाच हाताने, एकाच शाईत, एकाच साच्यात असतील, तर त्या मागाहून एकदम लिहिल्याची शंका येते; वकिलाला आवर्जून दाखवा.

तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. त्यासाठी पुण्याच्या खेपा नकोत. मुदत दोन वर्षं. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पोलिसांत जाण्याची घाई मात्र करू नका. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आईंच्या उपचारांचा खर्च भरून मिळण्याचा मार्ग ग्राहक आयोगातून जातो.

सध्या ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांकडून जखमेची लांबी, रुंदी, खोली तारखेसह लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. औषधं, ड्रेसिंग, घरी ठेवलेली बाई, रिक्षा, सगळ्याच्या पावत्या आजपासून एका पाकिटात जमवा.