पहिल्या ओळीतच सांग, हे तुझं आहे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सोबत जोडलेली, ग्रुपवरून उडवलेली पोस्टही वाचली. आकाशनिरीक्षणाच्या नोंदी ठेवायचं तुझं ॲप चांगलं आहे हे मला पटवण्यात तू निम्मं पत्र खर्च केलंस, त्याची गरज नव्हती. दुर्बिणीतून आकाश पाहणारे लोक नोंदी कशा ठेवतात आणि कुठे अडतात, हे तुला त्यांच्यात वावरूनच कळलं आहे. मग पोस्ट लिहिताना इतका परका का झालास? ‘नुकतंच एक भन्नाट ॲप सापडलं, कुणी वापरलंय का?’ सापडलं? अरे, रात्ररात्र जागून बनवलंस ना ते?

ग्रुप सांभाळणाऱ्या मॉडरेटरने पोस्ट काढली म्हणून तू चिडला आहेस. मी चिडलो तो तुझ्या त्या ‘सापडलं’वर.

वर आता मित्राने सुचवलेली युक्ती. दुसरं खातं उघडायचं, त्यावरून प्रश्न विचारायचा आणि आपल्या खऱ्या खात्यावरून उत्तर द्यायचं. ‘सगळेच करतात’ म्हणतोस. करतात, मान्य. पण पहिल्या ओळीत लिही: हे मी बनवलं आहे. शेवटच्या ओळीत नको, कंसात नको, कुणी विचारल्यावर तर नकोच. पहिल्या ओळीत.

जॉन मॅकी हे नाव शोधून वाच. ‘होल फूड्स’ या अमेरिकी किराणा कंपनीचा हा तेव्हाचा प्रमुख याहूच्या शेअर बाजाराच्या चर्चेत ‘राहोडेब’ या टोपणनावाने कित्येक वर्षं लिहीत होता. बायकोच्या डेबोरा या नावातली अक्षरं उलटसुलट करून घेतलेलं हे नाव. त्या नावाआडून तो स्वतःच्या कंपनीची तारीफ करायचा आणि ‘वाइल्ड ओट्स’ या स्पर्धक कंपनीला नावं ठेवायचा. एकदा तर मॅकीची केशरचना आपल्याला आवडते, असंही त्याने लिहिलं. 2007 मध्ये, त्याच वाइल्ड ओट्सच्या खरेदीवरून सरकारशी कोर्टबाजी चालू असताना, हे सगळं बाहेर आलं. कायद्याने त्याचं काही बिघडलं नाही. पण आज त्याचं नाव निघालं की धंद्याच्या गोष्टींबरोबर त्या केसांचीही गोष्ट निघते.

त्याच 2007 सालचं दुसरं टोक बघ. ड्रू ह्यूस्टनने आपलं ड्रॉपबॉक्स, म्हणजे फायली इंटरनेटवर ठेवायची सेवा, ‘हॅकर न्यूज’ या प्रोग्रॅमरांच्या चर्चेच्या साइटवर मांडलं, तेव्हा मथळ्याची सुरुवातच ‘माझं’ने केली होती. हे तर लिनक्स या संगणक प्रणालीवर आपलं आपल्याला जमवता येतं, याची काय गरज, अशी एक कमेंट तिथे आली. ती पुढे फार गाजली. ह्यूस्टनने तिला शांतपणे, मुद्द्याला धरून उत्तर दिलं. ते त्याला देता आलं, कारण बनवणारा म्हणूनच तो तिथे उभा होता. ‘सापडलं’ म्हणणाऱ्याला काय उत्तर देता येणार? तारे नोंदवताना ॲप बंद पडतं असं कुणी लिहिलं, तर ‘चूक माझी आहे, आज रात्री दुरुस्त करतो’ असं म्हणण्याची सोय तू स्वतःच घालवलेली असतेस. आणि नेमकी तीच ओळ लोकांना हवी असते.

बाकी नियम तुला ठाऊक आहेत, उगाच पाढे म्हणायला लावू नकोस. रेडिट या चर्चेच्या साइटवर पूर्वी एक ढोबळ प्रमाण सांगत: स्वतःच्या मालाविषयी दहातली एकच पोस्ट असावी. लोक काय करतात, ‘छान’, ‘सहमत’ अशा नऊ कमेंटा टाकून दहावीत लिंक ठेवतात. हीदेखील लबाडीच, फक्त जरा मेहनतीची. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःचं साधन उत्तरात सुचवता येतं, पण ते आपलं आहे हे त्या उत्तरातच सांगावं लागतं. बघ, नियम करणारेही फिरून तिथेच येतात. आणि तोच मजकूर सगळ्या ग्रुपांत चिकटवू नकोस. 1994 मध्ये अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या हजारो गटांत, प्रत्येक गटात स्वतंत्रपणे टाकली होती. लोकांना जिथे जावं तिथे तीच. तक्रारी इतक्या आल्या की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा मेल सर्व्हरच कोलमडला. आपल्याला मात्र यातून एक लाख डॉलर मिळाले, असा त्यांचा दावा होता.

म्हणजे लबाडीला पैसा मिळतो. हे तुझ्यापासून कशाला लपवू? मी छायाचित्रकारांसाठी प्रोग्रॅम विकायचो तेव्हा एका स्पर्धकाची खोटी खाती त्याच चर्चांमध्ये राजरोस फिरत. मी प्रत्येक वेळी ‘हा माझाच प्रोग्रॅम आहे’ने सुरुवात करायचो, आणि त्यांचा जिथे सरस तिथे तोच घ्या असंही लिहायचो. त्यांना कुणी कधी पकडलं नाही. माझा प्रोग्रॅम बंद पडला. सोबतच्या पोरांना दुसरीकडे नोकऱ्या शोधाव्या लागल्या, त्याची खंत आहे. हट्ट माझा, किंमत त्यांनीही मोजली. तरी पुन्हा वेळ आली तर तेच करीन. यात तत्त्व किती आणि अपयशावर नंतर चढवलेला मुलामा किती, ते तू ठरव. घरचे म्हणतात मुलामाच जास्त. म्हणोत. त्या चर्चांमधली माणसं आजही मला कॅमेऱ्याबद्दल विचारतात आणि माझ्या उत्तरामागे काय दडलंय, हे शोधत बसत नाहीत. मला तेवढं पुरतं. तुला पुरेल की नाही, सांगता येत नाही.

तर आता काम. आधी मॉडरेटरला लिही. त्या कामाचा त्यांना बहुधा छदामही मिळत नाही, तेव्हा लांबण नको. पोस्ट मीच टाकली होती, ॲप माझंच आहे, पुन्हा टाकायची तर कुठे आणि कशी, एवढंच विचार. ‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नकोस, तिथे नुसता सभासद म्हणून राहा. ‘हो’ म्हणाले तर नवी पोस्ट अशा दिवशी टाक, की पुढचे काही तास उत्तरं द्यायला मोकळा असशील. नावनोंदणी न करता वापरून बघता येईल अशी सोय आधी कर. ॲपला काय येत नाही तेही लिही. ढगाळ रात्रीची नोंद अजून नीट होत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. मित्रांना लाइक करायला पाठवू नकोस, जुन्या सभासदांना ते लगेच कळतं. आणि ते दुसरं खातं उघडलं असशील तर हे पत्र खाली ठेवून आधी बंद कर.

पोस्टचा मसुदा मला पाठव. पहिली ओळ वाचून पुढे वाचायचं की नाही ते ठरवीन.

तुझा,
काका