"वचक राहिला नाही, मॅडम"

समुपदेशनाच्या कामाची गेल्या महिन्यातली वही चाळत होते. एकच वाक्य पाच जणांच्या नावापुढे लिहिलेलं सापडलं: "माझं कुणी ऐकत नाही." एक पंधरा वर्षांच्या मुलाची आई, एक नव्या शाखेत बदलून आलेला बँकेतला अधिकारी, एक दोन सुनांची सासू, एक मुख्याध्यापक, आणि एक नवरा, ज्याची बायको पुढच्याच आठवड्यात स्वतंत्रपणे येऊन अगदी उलटं सांगून गेली. पाचही जणांची मागणी एकच होती. काहीतरी युक्ती सांगा.

खरं सांगायचं तर युक्त्या माझ्याकडे मागायला येणाऱ्यांना त्या माझ्यापेक्षा चांगल्या येत असतात. अण्णांना तर सगळ्या येत होत्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. "लिहा, पण मला शहाणा करू नका," असं म्हणाले.)

अण्णा 58 वर्षांचे. मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान, वडिलांपासूनचं. दोन मुलगे दुकानातच. बीपी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेलं. पहिल्या दिवशी खुर्चीला पाठ न टेकता बसले, कमरेची किल्ल्यांची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वचक राहिला नाही, मॅडम."

निमित्त होतं काउंटरवरच्या क्यूआर कोडचं. थोरल्याने तो लावला, शेजारी बोलणारा डबा ठेवला. गिऱ्हाइकाने पैसे भरले की डबा ओरडतो, "एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले." खातं दुकानाचंच होतं, पण मोबाइल थोरल्याचा. म्हणजे दिवसभरात किती आले हे आधी त्याला कळणार. चाळीस वर्षं गल्ल्याची किल्ली कमरेला लावलेल्या माणसाला तो डबा दिवसातून दोनशे वेळा खिजवत होता. अण्णांनी दोनदा त्याची वायर काढून ठेवली. तिसऱ्यांदा गिऱ्हाइकांसमोर धाकटा हसला, आणि अण्णा चक्कर येऊन पोत्यावर बसले.

"आधी वचक कसा ठेवायचा?" मी विचारलं.

यावर त्यांचा चेहरा उजळला. सुगरणीला पुरणपोळीची कृती विचारावी तसं सांगू लागले. पहिला अबोला. सगळ्यात लांबलेला एकोणीस दिवसांचा, थोरल्याने न विचारता तूरडाळीचे दहा कट्टे उधार दिले तेव्हाचा. दुसरं, घरखर्च. सुनेने दर सोमवारी येऊन मागायचा. आकडा ठरलेला, तरी "कशाला?" हा प्रश्न प्रत्येक सोमवारी. तिसरं, एका मुलाचं कौतुक दुसऱ्यासमोर, आणि पुढचं कौतुक कुणाच्या वाट्याला येईल याचा अंदाज कुणाला येऊ द्यायचा नाही. चौथी युक्ती त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. खरेदीचा भाव कट्ट्यावर सांकेतिक अक्षरांत लिहायचा. दहा अक्षरांचा एक शब्द, एकही अक्षर दोनदा न येणारा, पहिलं अक्षर म्हणजे एक, शेवटचं म्हणजे शून्य. जुन्या व्यापाऱ्यांच्या घरात ही पद्धत असते. तो शब्द फक्त अण्णांना माहीत. त्यामुळे भाव किती तोडायचा हे विचारायला मुलांना दर वेळी त्यांच्याकडेच यावं लागे.

यातल्या प्रत्येक युक्तीचा गुण येतो, हे मान्यच करायला हवं. लोक उगाच वापरत नाहीत त्या. अबोल्यात समोरचा माणूस स्वतःच स्वतःचा गुन्हा शोधत बसतो आणि नसलेलेही चार सापडवतो. पैसा मागायला लावला की मागणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. कौतुक अधूनमधून, बेभरवशाचं ठेवलं की माणूस त्याच्यासाठी जास्त चिवटपणे धडपडतो. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं कळ दाबतच राहतात, हे स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवलं. सासवांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

पण किंमत कोण भरतं? कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या मुलांचे गट, मुखवटे बनवायचं काम, आणि वेगवेगळ्या तऱ्हेने वागणारे मोठे. हुकूम सोडणारा मोठा माणूस समोर असेपर्यंत मुलं मुकाट काम करायची. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. मुलांना विश्वासात घेणाऱ्याच्या गटात तो गेला तरी काम चालू राहायचं. मी हा प्रयोग अण्णांना सांगितला आणि विचारलं, "दुकान सोडून शेवटचं बाहेरगावी कधी गेलात?"

बराच वेळ आठवत राहिले. "मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला. सहा वर्षं झाली. तेही अक्षता टाकून परत."

इथे माझा कल सांगून टाकते, लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा पिंड पोसला आहे. तिचा सगळा जोर माणसाच्या मनातल्या हट्टावर असतो. इंग्रजीत हा हट्ट पकडायला 'मस्ट'सारखा अख्खा शब्द लागतो. आपल्याकडे एक अक्षर पुरतं. मी समोरच्याच्या बोलण्यातला 'च' मोजते. "मुलांनी माझं ऐकावं" ही इच्छा झाली. ती पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो आणि जेवून झोपतो. "ऐकलंच पाहिजे" झालं की बीपीची गोळी वाढते.

"पण का ऐकलंच पाहिजे?" या प्रश्नावर अण्णांनी मला तीन बैठका घुमवलं. बाप आहे म्हणून. जगरीत आहे म्हणून. मी नाही का ऐकलं माझ्या वडिलांचं, म्हणून.

पाचव्या बैठकीत मी तोच धागा धरला. "तो दहा अक्षरी शब्द वडिलांनी तुम्हाला कधी सांगितला?"

अण्णांनी किल्ल्यांची जुडी टेबलावरून उचलली. एकेक किल्ली बोटाने सरकवत राहिले. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते संपलं, तरी बोलेनात. मी गप्प राहिले. आमच्या धंद्यात गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली, आणि त्या दिवशी ते कामी आलं असं मी जरा अभिमानानेच म्हणेन.

"नाही सांगितला," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो. रात्री दुकानात झोपायचो. जुन्या पावत्या आणि पोत्यांवरच्या चिठ्ठ्या कंदिलाखाली ताडून बघायचो. चार महिने लागले. शब्द सुटला त्या रात्री एवढा आनंद झाला, आणि मग रडलो."

"रडलात का?"

"दादांनी स्वतः सांगितला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना मी भरवशाचा वाटलोच नाही."

त्यांच्या तोंडून गेलेला हा 'च' मी त्या दिवशी मोजला नाही. मला जे दिसलं ते असं: हा माणूस पोरांवर सत्ता गाजवायला आलेला नव्हता. बापाकडून न मिळालेली एक गोष्ट तो मुलांकडून वसूल करत होता, आणि मुलांच्या वाट्याला तीच उपेक्षा जात होती. तोपर्यंत मी त्यांच्याकडे हट्टी शेठ म्हणून बघत होते. माझीच चूक होती.

आता ज्यांना युक्तीच हवी आहे त्यांच्यासाठी. अण्णांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कुठलातरी एक विषय पूर्ण सोडून द्या. अर्धा नाही. अण्णांनी घरखर्च सोडला. महिन्याच्या एक तारखेला रक्कम सुनेच्या खात्यात, आणि "कशाला?" बंद. पहिल्या महिन्यात त्यांनी तीनदा आडून चौकशी केली, सुनेने सासूला सांगितलं, सासूने मला. दोन, अबोल्याच्या जागी एक वाक्य आणि एक वेळ ठेवा: "मला राग आलाय, रात्री जेवणानंतर बोलू." आणि रात्री खरंच बोला. नाहीतर तो अबोलाच, फक्त आधी नोटीस देऊन केलेला.

किशोरवयीन मुलांच्या आयांना मी हेच सांगते. कपडे, केस, खोली यातलं काहीतरी त्याच्या हवाली करून टाका. झोपेची वेळ आणि गाडीची किल्ली मात्र तुमच्याकडे ठेवा, आणि त्या दोन्हींची कारणं एकदा नीट सांगा. दहा आघाड्यांवर लढलात तर दहाही जातील.

आणि जे अशा माणसाच्या हाताखाली आहेत, त्यांनी नसलेल्या गुन्ह्यांची यादी करणं थांबवावं. "तुम्ही बोलत नाही आहात, मला त्रास होतोय, तयार असाल तेव्हा मी आहे," एवढं बोलून आपल्या कामाला लागावं. जिथे पैसे अडवून, माणसं तोडून, धमकावून बाईला कोंडलं जातं तिथे मात्र असल्या संवादाच्या भानगडीत पडू नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही मोडतो. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तो समुपदेशनाने समजुतीला येण्याचा प्रकार नव्हे, आणि असं सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

अण्णा नवव्या बैठकीला आले तेव्हा खुर्चीत टेकून बसले. किल्ल्यांची जुडी दिसली नाही. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. पाडव्याला वहीपूजन झाल्यावर थोरल्याला आत बोलावलं, दार लावलं आणि तो शब्द सांगितला. हात थरथरत होते म्हणाले.

"मग? काय म्हणाला तो?"

"हसला, ताई." मॅडमची ताई मी कधी झाले ते मलाही कळलं नाही. "म्हणाला, अण्णा, मला आठवीपासून माहीत आहे. मी पावत्या ताडून बघितल्या होत्या."

"एवढी वर्षं बोलला का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होतो."