नॉरफोकचा कोक नेमका कोण होता?

थॉमस कोक (१७५४–१८४२), इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या होल्कमचा बडा जमीनदार. १७७६ साली वडील वारले, इस्टेट हाती आली आणि त्यांच्याच जागी तो खासदारही झाला. मधली काही वर्षं सोडली तर थेट १८३२ पर्यंत. राजापेक्षा संसदेची सत्ता मोठी मानणाऱ्या व्हिग पक्षाचा, अमेरिकन वसाहतींची बाजू घेणारा.

पण नाव झालं ते शेतीमुळे. त्याने कुळांना लांब मुदतीचे भाडेपट्टे दिले; मुदत लांब असली, की माणूस जमिनीत पैसा घालायला कचरत नाही. गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर (चाऱ्याचं पीक) अशी पिकांची फेरपालट त्यानेच शोधली म्हणतात, ते खरं नाही. ती आधीपासून होती. त्याने ती गाजवली. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या निमित्ताने होल्कमला दरवर्षी शेतकऱ्यांचा मेळाच भरायचा.

आणि हो, ६७ व्या वर्षी दुसरं लग्न केलं, तेव्हा कुठे मुलगा झाला!